दीड घटका, साडेसात पळं

अण्णा कुठेही ठरल्या वेळेनंतर बरोबर ३९ मिनिटांनी पोहोचतात. चाळीस नाही, साडेअडतीस नाही. सहाचा साखरपुडा असला की सहा एकोणचाळीसला ते हॉलच्या दारात चपला काढताना दिसतात. लग्नाचा मुहूर्त बारा सतराचा असला तर बारा छप्पन्नला येतात, म्हणजे अक्षता हुकलेल्या आणि पहिली पंगत बसत असलेली. मुगभाटातल्या आमच्या चाळीत त्यांनी आजवर एकाही जोडप्यावर अक्षता टाकलेल्या नाहीत आणि एकाही जोडप्याची पहिली पंगत चुकवलेली नाही.

नोकरीत होते तेव्हा चर्नी रोडची आठ अकराची गाडी त्यांची. ती त्यांना रोज आठ पन्नासला मिळायची.

एकदा आम्ही त्यांना फसवायचं ठरवलं. तळमजल्यावरच्या मुलीचं केळवण सहाला होतं. अण्णांना पाच एकवीसची वेळ सांगितली. हिशोब सरळ होता, माणूस बरोबर सहाला यायला हवा होता. आला सहा एकोणचाळीसलाच. येताना वाटेत त्यांनी मुलीच्या मामांना खरी वेळ विचारून घेतली होती. खुर्चीवर बसत म्हणाले, "मला वेळेत फसवायला सरकार आहे रे. तुम्ही कशाला तसदी घेता?"

सरकारवरचा हा राग कळायला अण्णांच्या खोलीत जावं लागतं. दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ. दर रविवारी आंघोळीनंतर अण्णा स्टुलावर चढून त्याला किल्ली देतात, तेव्हा माई स्टूल धरून उभ्या राहतात. घड्याळाला काही झालेलं नाही. ठोके देतं, लंबक हलतो, महिन्यात मिनिटाचासुद्धा फरक पडत नाही. फक्त ते ३९ मिनिटं मागे लावलेलं आहे. चाळीत नवं बिऱ्हाड आलं की त्यातला कर्ता पुरुष पहिल्या आठवड्यात कधीतरी साखर मागायला किंवा पाण्याची वेळ विचारायला येतो आणि सहज म्हणून जातो, "अण्णा, घड्याळ मागे आहे तुमचं." माई मग काही न बोलता चहाचं आधण वाढवतात. त्या माणसाचा त्या दिवशीचा खाडा ठरलेला.

"मागे?" अण्णा विचारतात. "मागे कुणाच्या?"

आणि मग मुंबई टाइम सुरू होतो.

अण्णांची ही कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे की त्यातलं काय वाढवलेलं आणि काय खरं हे मला आता वेगळं काढता येतं. खरं आहे ते असं. पूर्वी या शहराला स्वतःची वेळ होती. सूर्य मुंबईच्या डोक्यावर आला की मुंबईत बारा. ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. आगगाड्या मात्र मद्रासच्या वेळेवर धावायच्या. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे, त्यामुळे स्टेशनात शिरताना मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा, एवढाच काय तो त्रास. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हुकूम काढला की सरकारी कचेऱ्यांनीही मद्रास टाइमच पाळावा. शहरात अशी ओरड झाली की दोन वर्षांत हुकूम गुंडाळावा लागला. मग १ जानेवारी १९०६पासून साऱ्या देशाला एक वेळ आली, स्टँडर्ड टाइम, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. साडेपाचातून चार एक्कावन्न वजा करा. ३९.

"म्हणजे सूर्य मिर्झापूरच्या डोक्यावर," अण्णा म्हणतात, "आणि जेवणाची सुट्टी परळच्या गिरणीत!"

गिरणीवाल्याच्या दृष्टीनं बदल फक्त काट्यांचा होता. कामगाराला मात्र दिसत होतं की भोंगा तेवढ्यालाच वाजणार, पण उजेड कमी असताना. त्याच जानेवारीत काही हजार कामगारांनी माग सोडले, गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात पंधरा हजारांवर लोकांनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. अण्णांचे आजोबा तेव्हा परळला साच्यावर होते आणि त्या दगडांतला एक दगड त्यांचा होता, असं अण्णा सांगतात. (मी लहान असताना तो दगड सुपारीएवढा होता. आता तो पाट्याएवढा झाला आहे.) फिरोजशहा मेहतांसारखा वकील मुंबई टाइमच्या बाजूला होता. त्यांचं म्हणणं, लोकांना विचारलंच कुठे? महापालिकेनं आपली घड्याळं मुंबई टाइमवरच ठेवली, आणि हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकला. पालिकेच्या मंडईतून भाजी घेऊन निघालेला माणूस पाच मिनिटं चालत बोरीबंदरला पोहोचला की त्याच्या आयुष्यातला पाऊण तास कुणीतरी उचललेला असायचा.

इथे अण्णा थांबतात, चहा घेतात आणि स्वतःच्या जन्मावर येतात.

लढाईच्या काळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, सरकारनं घड्याळं आणखी एक तास पुढे ढकलली होती. म्हणजे नवा टाइम, जुना टाइम आणि मुंबई टाइम, असे तीन टाइम एका गावात. अण्णा नेमके ऑगस्ट १९४५चे. सुईणीनं सांगितलं, 'सव्वाचार'. कुठले सव्वाचार, ते कुणी विचारलं नाही. त्यामुळे अण्णांच्या तीन पत्रिका आहेत. लग्न ठरवताना माईंच्या पत्रिकेशी त्यातली एक जुळली, तीच खरी धरली. भांडण झालं की माई उरलेल्या दोन काढून बसतात.

३९ मिनिटं हा आकडा अण्णांना आवडत नाही. इंग्रजी वाटतो. ते घटकांत मोजतात. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, म्हणजे ३९ मिनिटं ही दीड घटका आणि वर साडेसात पळं. साडेसात ऐकलं की माई आतून हमखास म्हणतात, "हां, तीच ती. लग्नापासून मागे लागलीय."

अण्णांचं नोकरीचं आयुष्य गोदीत गेलं. ही गोष्ट नीट लक्षात घेतली की हा माणूस आळशी नाही हे कळतं. आपण सगळे घड्याळावर जगतो, गोदी पाण्यावर जगते. प्रिन्सेस डॉक १८८०चं, व्हिक्टोरिया १८८८चं. दोन्हींत जहाज आत घ्यायचं तर बाहेर भरतीचं पाणी पुरेसं चढलेलं हवं, तेव्हाच दरवाजे उघडायचे. कप्तान कितीही मोठ्या साहेबाचा जावई असला तरी बाहेर नांगर टाकून बसायचा. अण्णांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात तेव्हा भरती-ओहोटीच्या कोष्टकाची लहान पुस्तिका असायची. ज्या ठिकाणी एवढी मोठी बोट पाण्याची वाट बघत सहा तास उभी राहते, तिथे टॅली क्लार्क ३९ मिनिटांनी आला याचं कुणाला काय!

कोष्टक नुसतं दाखवायला. अण्णांचा खरा हिशोब कोळ्यांचा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती, आणि मधे नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. दर तिथीला भरती पाऊण तासानं पुढे सरकते, म्हणजे जवळपास दोन घटकांनी. पंचांग आणि पाढे एवढ्यावर हा हिशोब भागतो. पाऊणकीचे पाढे येणारी माणसं आता उरलेली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

"आता यात खुबी अशी," अण्णा आवाज खाली आणतात, "की पाऊणकीनं आलेली वेळ मुंबई टाइमची असते. त्यात दीड घटका साडेसात पळं मिळवा, मग ती तुमच्या मोबाइलची होते. समुद्रानं स्टँडर्ड टाइम अजून स्वीकारलेला नाही!"

शास्त्रज्ञ याला मान्यता देतील की नाही, मला शंका आहे. पण मी चौपाटीवर दोनचारदा ताडून पाहिलंय. फार चुकत नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचा बंड्या इंग्रजीची वही घेऊन अण्णांकडे आला. त्याला एक म्हण दिली होती, अर्थ लिहून आणायला: टाइम अँड टाइड वेट फॉर नन. आमच्या लहानपणीही ही म्हण होती. चार रेघी वहीत दहा वेळा लिहायची, शेवटच्या ओळीपर्यंत 'टाइड'चा 'डी' रेघेखाली उतरलेला असायचा. बंड्यानं अर्थ लिहिला होता: वेळ आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

अण्णांनी चष्मा लावला. "मेल्या, हे कोणी सांगितलं तुला?"

"बाईंनी."

"टाइड म्हणजे भरती नव्हे."

बंड्या हादरला. मीही हादरलो, कारण चाळीस वर्षं मीही भरतीच समजत होतो. अण्णांनी कपाटावरून एक जाडजूड डिक्शनरी काढली. ती त्यांनी फाउंटनच्या फुटपाथवरून वजनावर घेतली होती आणि तिला मागचा पुठ्ठा नाही. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे काळ. समय, हंगाम, पर्व. ख्रिसमसटाइड म्हणतात तो नाताळचा काळ, त्यात समुद्र कुठेय? जर्मन लोक काळाला 'त्साइट' म्हणतात, तो याच टाइडचा चुलतभाऊ. 'टायडी' म्हणजे आज नीटनेटका, पण मुळात वेळेवरचा. तेराव्या शतकातल्या इंग्रजीत हे दोन शब्द जोडीनं आलेले सापडतात. पुढे समुद्र चढायची-उतरायची वेळ तीही टाइड, आणि होता होता वेळ गळून पडली, नुसतं पाणी उरलं. मग लोकांना वाटू लागलं की म्हण समुद्राबद्दल आहे.

"आपण काय म्हणतो? काळवेळ. काळ आणि वेळ हे दोन वेगळे असतात का? नुसतं ठसक्यासाठी जोडलेलं. वेळप्रसंग, काळवेळ, तसंच ते टाइम-टाइड. लिही बंड्या, काळवेळ कुणासाठी थांबत नाही."

"आणि कनूट राजा?" मी मधेच बोललो. मला एवढंच आठवत होतं.

"तो अकराव्या शतकातला. किनाऱ्यावर खुर्ची टाकून समुद्राला म्हणाला, थांब. पाय भिजले." अण्णा म्हणाले. "लोक म्हणतात मूर्ख होता. अरे, त्याला दरबारातल्या भाटांची तोंडं बंद करायची होती, की बघा, मी सांगून समुद्र ऐकत नाही. शहाणा होता. फक्त त्याला तिथी विचारायला हवी होती, ओहोटीला बसला असता तर राज्य आणखी वाढलं असतं."

माई मोरीपाशी तांदूळ धूत होत्या. त्यांचं माहेर पेडण्याचं. तिथूनच त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वेळ म्हणजे समुद्राचा काठच. 'पोरां वेळेर गेल्यांत' म्हणजे पोरं समुद्रावर गेलीत."

अण्णा एकदम गप्प झाले. डिक्शनरी मिटली आणि आपट्यांचा संस्कृत कोश उघडला. वेला. पहिला अर्थ काळ, समय. मग भरती. मग भरती. चारही एका शब्दात, एका ओळीत. इंग्रजांना जे करायला काही शतकं लागली, ते संस्कृतनं आधीच करून ठेवलं होतं आणि पेडण्यात ते बायका रोज बोलत होत्या. अण्णांनी पन्नास वर्षं संसार केला आणि ही गोष्ट त्यांना कळली नव्हती. म्हणजे त्या दिवशी काळ, किनारा आणि भरती ही सगळी एकदम त्यांच्या मोरीतून वाहत आली. ते माईंकडे असे बघत राहिले की माईंनी पदर सावरला.

जे सांगितलं ते सगळं बंड्यानं लिहिलं, वेला आणि पेडण्यासकट. त्याला दोनातला अर्धा मार्क मिळाला. शाळेत अण्णा गेले भांडायला. बाईंची वेळ संपून ३९ मिनिटं झाली होती.

मग सप्टेंबर आला. २०२५ची अनंत चतुर्दशी, शनिवार, सहा तारीख. आमच्या चाळीचा गणपती दुपारी तीनला निघायचा होता. अण्णा कुठे होते ते सांगायला नको. ट्रक ठाकूरद्वारला पोहोचल्यावर मागून हातात दूर्वांची जुडी घेऊन चालत आले.

पण मला सांगायचंय ते रविवारचं. लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला निघतो आणि रात्रभर वाट काढत दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीला येतो, हे सगळ्या मुंबईला पाठ आहे. आमची मुलं पहाटे साडेसहालाच चौपाटीवर जागा धरायला गेली. बंड्या सगळ्यांत पुढे. अण्णा गॅलरीत दात घासत होते.

"कशाला घाई करतायत?" ब्रश तोंडातच ठेवून ते म्हणाले. "आज पौर्णिमा. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्यात दीड घटका साडेसात पळं, म्हणजे बाराला सहा कमी. उधाणाचं पाणी आहे, सकाळपासून चढतंय. राजा आठला येतो म्हणतात. चढत्या पाण्यात त्याला तराफ्यावर कसा घ्यायचा?"

आम्ही हसलो. अण्णांवर हसण्याची आम्हाला सवय आहे.

राजा सकाळी आठच्या सुमारास चौपाटीवर आला. आणि पाणी चढत गेलं. मूर्ती तराफ्यावर जाईना. तराफा हलायचा, पाणी वर येत होतं, आणि टीव्हीवर प्रत्येक चॅनेल वेगळं कारण सांगत होतं. चाळीच्या प्रत्येक खोलीतून एकच आवाज, 'अजून नाही.' लोक वाळूत बसले, उठले, परत बसले. दुपार झाली. वर ग्रहणाचं वेगळंच. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण, नऊ सत्तावन्नला स्पर्श, एक सव्वीसला मोक्ष. दुपारी वेध लागले, माईंनी सगळ्या बरण्यांवर तुळशीची पानं ठेवली. अण्णांनी वेध लागायच्या आत जेवून घेतलं आणि ते झोपले. खरोखर झोपले. घोरत होते.

संध्याकाळी बंड्याचा फोन आला. "अण्णा, आता होईल बहुतेक. या लवकर."

अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चहा मागितला. वेध आहेत, चहा मिळणार नाही, असं माईंनी सांगितल्यावर धोतर बदललं, काठी शोधली, चष्म्याची डबी शोधली. फोन आल्यापासून बरोबर ३९ मिनिटांनी जिना उतरले. मी सोबत होतो, कारण ऐंशी वर्षांचा माणूस त्या गर्दीत एकटा सोडायची कुणाची तयारी नव्हती. ठाकूरद्वारच्या बाजूनं, मग मागच्या गल्लीतून, पोलिसाला हात जोडत, स्वयंसेवकाला "बाळा" म्हणत, आम्ही कसेबसे वाळूपर्यंत आलो. पुढची माणसं अण्णांची काठी बघून सरकली. आणि नऊच्या सुमारास, अण्णांना चष्मा पुसून डोळ्यांवर चढवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात, समोर काळोखात दिव्यांच्या उजेडात राजा पाण्यात गेला. 'पुढच्या वर्षी लवकर या'चा असा आवाज उठला की पायाखालची वाळू थरथरल्यासारखी वाटली. अण्णांनी हात जोडले. त्या आरोळीतला 'लवकर' हा एवढा शब्द त्यांनी म्हटला नाही. मी शेजारीच होतो, ऐकलं.

बंड्या पहाटे साडेसहापासून तिथे उभा होता. त्या क्षणी तो विल्सन कॉलेजच्या बाजूच्या फुटपाथवर वडापावच्या रांगेत होता. त्यानं वेध पाळले नव्हते. परत येताना तो आम्हाला भेटला. तोंडात वडा, डोळ्यांत पाणी.

"झालं?" त्यानं विचारलं.

"आत्ताच," अण्णा म्हणाले, आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी पोहोचलो तेव्हा मोबाइलमध्ये नऊ एकोणचाळीस झाले होते. दारात पाय ठेवला आणि लंबकाच्या घड्याळानं नऊचे ठोके द्यायला सुरुवात केली. नऊही ठोके अण्णा उंबऱ्यावर उभे राहून ऐकत राहिले, एखाद्या मानकऱ्याला सलामी मिळावी तसे. मग आत आले, खुर्चीत बसले, काठी कोपऱ्यात ठेवली.

"माई, भूक लागलीय."

"ग्रहण आहे," माई म्हणाल्या. "मोक्ष झाला की आंघोळ, मग जेवण. पंचांगात एक सव्वीस दिलंय."

अण्णांनी घड्याळाकडे बघितलं. बोटांवर काहीतरी मोजलं. चेहरा एकदम उजळला. "एक सव्वीस तुमच्या स्टँडर्डचे. आपल्याकडे बारा सत्तेचाळीसला सुटतं. पाऊणलाच म्हणा की!"

"बरं," माई म्हणाल्या आणि त्यांची चादर झटकून दिली. "मग पाऊणला उठवते. तुमच्या घड्याळाच्या."